वळवाचा अंदाज, विमानाचं तिकीट आणि गच्चीवरच्या कुरडया (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोलीची_मेघना · शनिवार, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. हवामानातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून हा धागा.

आठवडाभर ऐरोलीत जीव नकोसा झालाय. सकाळी साडेसातला गच्चीत जावं तर मानेवरून घाम ओघळायला लागतो. दुपारी तीननंतर पारसिकच्या डोंगरामागून पिंजलेल्या कापसासारखे ढग वर चढतात, आता येणार असं वाटतं, आणि सहापर्यंत सगळं विरून जातं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र "येत्या ४८ तासांत वादळी पाऊस" हा मेसेज दहा दिवस फिरतोय. ते ४८ तास काही संपत नाहीत.

माझ्या अडचणी तीन.

भावाच्या मुलाची मुंज बंगळूरला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. आई-बाबांना नवी मुंबई विमानतळावरून बसवून द्यायचंय. बाबा ७६ वर्षांचे, आईचे गुडघे धरलेले. सकाळचं किंवा संध्याकाळी सहानंतरचं, दोन्ही विमानं जमतात. संध्याकाळचं दोघांचं मिळून अडीच हजारांनी स्वस्त. नवरा म्हणतो, "पाऊस जूनमध्ये येतो, संध्याकाळचं काढ."

दुसरं, चिरंजीव कामशेतला पॅराग्लायडिंगच्या तीन दिवसांच्या कोर्सला निघालेत, मेच्या पहिल्या आठवड्यात. मला पैसे भरून झाल्यावर सांगण्यात आलं.

तिसरं, आईने हट्टाने चार किलो गव्हाच्या कुरडया घातल्यात. गच्चीत वाळतायत. हसू नका, घरात सगळ्यात जास्त ताण याचाच आहे.

तर वळवाची, गडगडाटाची शक्यता नक्की किती? आणि बघायचं कुठे?

घोडबंदरचा_ट्रॅफिक · शनिवार, सकाळी ९:०५

तिसऱ्या मुद्द्याला प्राधान्य द्या. विमान रद्द झालं तर पैसे परत मिळतात.

सानपाडा_संदीप · शनिवार, सकाळी ९:३०

तुमच्या मिस्टरांशी सहमत. वीस वर्षं नवी मुंबईत आहे, एप्रिल-मेमध्ये छत्री उघडल्याचं आठवत नाही. उगाच अडीच हजार का घालवायचे?

सीवूड्सची_स्वाती · शनिवार, सकाळी ९:४२

संदीप, २०२४ चा १३ मे विसरलात? भर दुपारी धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर ते अवाढव्य होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. ठाणे-मुलुंडमध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकला, मध्य रेल्वे ठप्प. मुंबई विमानतळ तासाभराहून जास्त बंद होता, १५ विमानं दुसरीकडे वळवली. मी त्या दिवशी ठाणे स्टेशनात तीन नंबरवर उभी होते. चार वाजता संध्याकाळचे सात वाजल्यासारखा पिवळट अंधार झाला होता, आणि तोंडात वाळू करकरत होती. छत्री खरंच लागली नाही, उघडलीच नसती ती.

२०२५ च्या ६ मेलाही संध्याकाळी धूळ आणि पाऊस झालाच की.

नौपाड्याचा_वेधक · शनिवार, सकाळी ११:१५

मेघनाताई, विमानतळाच्या हवामान कार्यालयात मी बरीच वर्षं निरीक्षणं घेतली. आता नातवाला शाळेत सोडतो-आणतो, त्यामुळे वेळ आहे. जरा सविस्तर लिहितो.

संदीपराव आणि तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. सांताक्रूझची एप्रिलची सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही. मेची दहा-अकरा, आणि जूनची पाचशेच्या वर. पण मेचे ते दहा मिलिमीटर महिनाभर शिंपडल्यासारखे येत नाहीत. एखाद्या संध्याकाळी वीस मिनिटांत येतात, आणि त्यांच्या आधी दहा मिनिटं वारा येऊन काय करायचं ते करून जातो. साध्या पावसाने विमान सहसा अडत नाही, वाऱ्या-विजेने अडतं. कुरडयांचंही तेच.

आता तुमच्या पारसिकमागच्या ढगांकडे वळू. पावसाची वाट बघणारा मुंबईकर पश्चिमेला तोंड करून उभा राहतो, कारण जूनचा पाऊस समुद्रावरून येतो. वळीव तिकडून येत नाही. आला तर तो तुमच्या पाठीमागून, पूर्वेकडून येतो.

कसा, ते दुधावरून सांगतो. सकाळी अकरा-बाराला खारे वारे सुटतात. ही हवा दमट असते पण थर पातळ, काहीशे मीटर ते फार तर किलोमीटरभर. तिच्या डोक्यावर पठारावरून आलेली कोरडी, गरम हवा पसरलेली असते. दुधावर साय धरावी तशी. खाली दूध तापतंय, वाफ कोंडतेय, पण साय घट्ट आहे तोवर उतू जात नाही. तुमच्या मानेवरचा घाम म्हणजे ती कोंडलेली वाफ. खाडीवर आणि शहरावर ही साय जाड असते. पण तीच दमट हवा पुढे माथेरान, मलंगगड, भीमाशंकरच्या उतारांवर चढते, तिथली जमीन आपल्यापेक्षा तापलेली, आणि तिथे दोन ते चारच्या दरम्यान साय फाटते. तुम्हाला दिसतो तो कापूस तिथला.

पुढे तो ढग कुठे जाणार, हे ठरवतो तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा. उन्हाळ्यात बहुतेक दिवस तो पश्चिमेचा असतो, म्हणून ढग जुन्नर, मावळ, पुण्याकडे निघून जातात आणि आपण इथे घाम पुसत बसतो. ज्या दिवशी वरचा वारा पूर्वेचा होतो, त्या दिवशी तेच ढग घाट उतरून बदलापूर, अंबरनाथ, कल्याण करत ठाण्या-ऐरोलीकडे येतात. बदलापूरला झोडपलं आणि वाशी कोरडी राहिली, हे दरवर्षी ऐकता ना? निम्म्या वाटेत ढगाचा दम संपतो, म्हणून.

विंडीसारख्या साइटवर उंची निवडता येते. जमिनीवरचा वारा बघू नका, ७०० आणि ५०० हेक्टोपास्कलचा बघा, म्हणजे साधारण तीन आणि सहा किलोमीटर उंचीवरचा. बाण पूर्वेकडून पश्चिमेकडे असतील आणि घाटात दुपारी पाऊस दाखवत असेल, तर त्या संध्याकाळी सावध राहायचं.

आणि खात्याचं बुलेटिन वाचायला शिका, फॉरवर्ड नको. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पंच्याहत्तरपर्यंत, त्यापुढे "बहुतांश". ठाणे जिल्हा शहापूरपासून ऐरोलीपर्यंत पसरलाय. "ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" हे मुरबाडला पडूनही खरं ठरतं. मग लोक म्हणतात, खातं चुकलं. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पिवळ्यावर मुंज रद्द करायची नसते.

दिवसाच्या अंदाजापेक्षा खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा जास्त कामाचा. त्यासोबत रडार बघा. कुलाब्याचं जुनं आहे आणि वेरावलीचं २०२२ पासूनचं.

शक्यता विचाराल तर माझा अंदाज असा: मेच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्या गच्चीवर एखाद-दुसरी संध्याकाळ. घाटात त्याच्या कितीतरी पट. मेच्या उत्तरार्धात दोन्ही वाढतं. तिकीट सकाळचं काढा.

कोपरीचा_कट्टा · शनिवार, दुपारी १२:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). काका, एवढं सोपं करून आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांना पाठ केले आणि विसरलो.

ऐरोलीची_मेघना · शनिवार, दुपारी १२:२०

काका, सायीवरून एकदम डोक्यात शिरलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एखाद-दुसऱ्या संध्याकाळसाठी अडीच हजार?" आता काय सांगू?

उलवे_रात्रपाळी · शनिवार, दुपारी २:४०

मी सांगतो. विमानतळावर जमिनीवरच्या कामात आहे, कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

ताई, तुमच्या नवऱ्याला वाटतंय की प्रश्न फक्त ऐरोलीवरच्या पावसाचा आहे. तसं नसतं. तुमचं संध्याकाळचं विमान सकाळपासून चार-पाच गावं फिरून आलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बंगळूरला संध्याकाळी गडगडाट नेहमीचा. इथे लख्ख ऊन असतं, प्रवासी मला विचारतात "पाऊस कुठाय?" आणि विमान तिकडे आकाशात घिरट्या घालत असतं. सकाळचं पहिलं विमान रात्रीच इथे येऊन उभं असतं, त्याला मागचं काही चिकटलेलं नसतं.

दुसरं म्हणजे वीज. जवळपास वीज पडायला लागली की आम्हाला आत बोलावतात. सामान चढवणं बंद, इंधन बंद. मोकळ्या सपाट जागेत कानाला हेडसेट लावून, लोखंडाशेजारी उभे असतो आम्ही, पडली तर कुणावर पडणार? शेवटची वीज होऊन ठरावीक वेळ शांत गेला की मगच बाहेर सोडतात. तोवर आत प्रवासी काचेतून बघून म्हणतात, पाऊस तर थांबला, हे लोक चहा पीत बसलेत. चहा पितो, खरं आहे.

मग सगळी विमानं एकदम तयार होतात आणि रांग लागते. तेवढ्यात एखाद्या वैमानिकाचे ड्युटीचे तास संपतात. अर्ध्या तासाच्या गडगडाटाचे तीन तास असे होतात. ७६ वर्षांच्या माणसाला रात्री एकला बंगळूरच्या विमानतळावर उतरवायचं का, एवढंच विचारा नवऱ्याला.

सानपाडा_संदीप · शनिवार, दुपारी ३:१५

हे पटलं. पण एक शंका. एवढं सत्तर-ऐंशी टनांचं धूड, ते वाऱ्याला कशाला घाबरतं? आणि ढग असेल तर वरून जा ना.

नौपाड्याचा_वेधक · शनिवार, दुपारी ४:३०

वरून जाता येत नाही म्हणून. आपल्या मेमधल्या गडगडाटी ढगाचा माथा बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत जातो, प्रवासी विमान दहा-बारावर उडतं. माथा वर सपाट पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. ऐरण दिसली की ढग पूर्ण वयात आला समजायचं. वैमानिक असा ढग पंधरा-वीस सागरी मैल लांबून वळसा घालून टाळतात, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. आता नकाशा बघा. सांताक्रूझ आणि नवी मुंबई विमानतळ सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. खाडीवर एक ऐरण उभी राहिली तर दोन्ही विमानतळांचं आकाश एकदम अडतं. दोन विमानतळ झाले म्हणून वळवापुरता फायदा शून्य.

वाऱ्याचं असं. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा सुकतो, ती हवा गार आणि जड होते आणि धपकन खाली येते. जमिनीला आपटून चहूकडे पसरते, हंडा उपडा केल्यासारखी. तुम्हाला पावसाआधी येणारी गार झुळूक आणि मातीचा वास हा तिचाच. उतरणाऱ्या विमानाला मात्र आधी जोराचा समोरून वारा मिळतो, आणि काही सेकंदांत तोच मागून. समोरच्या वाऱ्याने पंख उचलले जातात, मागच्याने आधार काढून घेतला जातो. उंची असेल तर निभावतं. जमिनीपासून दोनशे मीटरवर असाल तर वेळच नसतो. म्हणून वैमानिक उतरणं सोडून परत वर जातो. प्रवासी घाबरतात, पण तेच शहाणपण असतं.

नवी मुंबईची धावपट्टी ०८/२६ आहे, जवळजवळ पूर्व-पश्चिम, ३,७०० मीटर. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे विमानं पूर्वेकडून, डोंगरांच्या अंगाने येणार. आणि ढग कुठे जमतात ते सकाळीच लिहिलंय.

हौस असेल तर विमानतळाचं मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाची सांकेतिक नोंद, वाचा. नेटवर फुकट मिळतं. मुंबईचा कोड व्हीएबीबी, दर अर्ध्या तासाला नवीन. त्यात टीएस आलं की गडगडाट, सीबी आलं की ऐरणवाला ढग.

विकासक_नको · शनिवार, संध्याकाळी ६:१०

हे सगळं होतंय कारण विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली. पूर्वी असला अवकाळी नव्हता. निसर्ग सूड घेतोय.

नौपाड्याचा_वेधक · शनिवार, संध्याकाळी ६:५५

डोंगर कापल्याचं दुःख मलाही आहे, पुराच्या पाण्याचं काय होतं हा प्रश्नही रास्त आहे. पण वळवाचं खापर त्यावर फोडू नका. ती टेकडी नव्वदेक मीटरची, ढग बारा किलोमीटरचा. आणि "पूर्वी नव्हता" म्हणाल तर वळीव हा शब्द काय विमानतळाने आणला? सांताक्रूझला ४१.७ अंश मार्चमध्ये २८ मार्च १९५६ ला नोंदलंय, आणि एप्रिलचे ४२.२ अंश १४ एप्रिल १९५२ चे. तेव्हा सिडकोही नव्हती. समुद्र तापतोय, हवेत बाष्प वाढतंय, हे खरं आहे, पण ते उलव्यात झालेलं नाही.

विकासक_नको · शनिवार, संध्याकाळी ७:०१

असो.

खारघरची_उडती_मावशी · शनिवार, रात्री ९:३०

मेघना, चिरंजीवांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वय वर्षं एकावन्न, बारा वर्षं उडतेय, बहुतेक कामशेतलाच. नाव मुलांनी ठेवलंय.

आधी दिलासा देते. तीन दिवसांच्या कोर्समध्ये पोरगं आकाशात फार नसतं. पहिला दिवस मैदानात पंख फुगवायचा, परत फुगवायचा, तोंडावर पडायचं. दुसऱ्या दिवशी छोट्या टेकडीवरून पाच-दहा फुटांवर तरंगायचं. तू समजतेस तसं गरुडासारखं काही नाही. गुडघे फुटतील, आयोडेक्स पाठव.

पण मे हा मे आहे. काकांनी सांगितलेला ढग ज्या घाटमाथ्यावर फाटतो, त्याच्यापासून कामशेत जेमतेम पंधरा किलोमीटर आत आहे. शिवाय तिथल्या बहुतेक दिवसांचा वरचा वारा ढग मावळाकडेच ढकलतो. ठाण्यासाठी चांगला दिवस तो आमच्यासाठी वाईट असू शकतो, हे लक्षात ठेव.

आमच्या पंखाचा वेगच ताशी पस्तीस-अडतीस किलोमीटर. बुलेटिनमध्ये "सोसाट्याचा वारा ताशी ३० ते ४० किमी" लिहिलेलं विमानासाठी किरकोळ, आमच्यासाठी घरी बसायचा निरोप. कारण समोरून चाळीसचा वारा आला तर मी पुढे तोंड करून मागे जायला लागते. एकदा गेलेय. पवनेच्या बाजूला ढग होता, माझ्या डोक्यावर स्वच्छ निळं. खाली शेतात शेणीच्या ढिगाशेजारचं प्लास्टिक अचानक उलट्या दिशेला उडालं, ते दिसलं म्हणून मी लगेच खाली उतरायला घेतलं. जमिनीपासून तीन मजल्यांवर असताना वाऱ्याने गाठलं. एका काकांच्या करवंदीच्या जाळीत उतरले. अंगावरचे ओरखडे दोन आठवडे होते, आणि काकांनी आधी करवंदं खायला दिली, मग पाणी. ढग तेव्हा वीसेक किलोमीटर लांब होता.

दुसरा धोका ढग आत ओढून घेण्याचा. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात मनिलाला एवा विस्निएर्स्का नावाची जर्मन संघाची पॅराग्लायडर अशाच ढगात ओढली गेली, जवळजवळ दहा हजार मीटरपर्यंत. बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ जमला, आणि तरी वाचली. त्याच दिवशी ढगात सापडलेला चीनचा पॅराग्लायडर वाचला नाही. ती जागतिक दर्जाची होती, म्हणून सांगतेय.

शिकवणाऱ्याला फोन करून एकच विचार: मेमध्ये दुपारी किती वाजता बंद करता? "बघू, वाऱ्यावर आहे" म्हणाला तर पुढचं विचार, गेल्या आठवड्यात किती वेळा बंद केलं. "एकदाही नाही" म्हणाला तर पैसे गेले समज आणि पोराला घरी ठेव. आणि फोनमध्ये दामिनी ॲप टाकून दे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं आहे, आसपास विजा पडत असतील तर दाखवतं.

तळोज्याचा_ड्रोन · रविवार, सकाळी १०:०५

धाग्याला अवांतर. खारघरच्या डोंगरावरून या ढगांचं ड्रोनने शूटिंग करायचंय. वारा किती चालेल?

खारघरची_उडती_मावशी · रविवार, सकाळी १०:४०

वाऱ्याचं नंतर बघ. ड्रोन नियम २०२१ वाच. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगीशिवाय काही नाही. खारघर आतच येतं. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा उघड. ढग फोनवर काढ, छान येतात.

दिवाळे_दर्या · रविवार, दुपारी १:२०

काकांनी लय भारी लिवलंय. आमी बेलापूरच्या खाडीतले. आमच्याकडं सध्या आगोटीची, म्हंजे पावसाळ्याच्या बेगमीची तयारी, सुकट वाळत घातलेली असते, त्यामुळं वळवाची भीती कुरडयावाल्या ताईंसारखीच.

आमचा म्हातारा एकच खूण सांगायचा. दुपारचा वारा रोज चारला जोरात असतो. ज्या दिवशी चार-साडेचारला तो आपोआप पडतो, खाडी तेलासारखी गुळगुळीत होते, त्या दिवशी सुकट उचल. आभाळ बघत बसू नको. आमी अजून तेच करतो. दहातले चार वेळा उगाच उचलतो. पण सुकट भिजली की कोंबडीखाद्याला जाते, मग उगाच उचललेली परवडते.

नौपाड्याचा_वेधक · रविवार, दुपारी २:००

दर्या, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पूर्वेकडून ढगाचा गार वारा निघाला की तो खाऱ्या वाऱ्याला समोरून अडवतो. दोघांच्या मधल्या पट्ट्यात काही वेळ हवा ठप्प. आमचं यंत्र जे दाखवायचं, ते त्यांनी खाडीच्या पाण्यात बघितलं.

दिवाळे_दर्या · रविवार, दुपारी २:०६

म्हातारा आता नाय. पण आईला सांगतो.

फळबाजार_वाशी · रविवार, रात्री ८:१५

या धाग्यात हापूसचं नाव नाही हे बघून आश्चर्य वाटलं. आंबापण विमानानेच जातो, प्रवाशांच्या सामानाखाली. अमेरिकेचा माल वाशीत विकिरण करून मग विमानतळावर. विमान तीन तास लेट झालं की पेट्या बाहेर उकाड्यात, आणि आंबा वाट बघत नाही, पिकतो. पण आमचं खरं नुकसान विमानात नाही, झाडावर. काढणीआधी एक वळीव झाला की आठ दिवसांनी फळावर करप्याचे काळे डाग. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मेला मुंबईत टेकला, नेहमीची तारीख ११ जून. शेवटच्या तोडीची लोकांची सगळी गणितं कोलमडली.

सीवूड्सची_स्वाती · रविवार, रात्री ८:४०

आणि मेच्या मध्यावर अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं तर हे सगळं बाजूलाच. तौक्ते, १७ मे २०२१. तेव्हा विमानतळ दिवसभर बंद ठेवला होता. काका, ते मात्र पश्चिमेकडून ना?

नौपाड्याचा_वेधक · रविवार, रात्री ९:१०

ते समुद्रातून, हो. पण त्याची चार-पाच दिवस आधी वर्दी असते, नावासकट. वळीव तीन तासांची नोटीस देतो, तीही दिली तर.

ऐरोलीची_मेघना · सोमवार, सकाळी ७:३०

सकाळचं तिकीट काढलं. नवऱ्याने पैसे भरले आणि "मी आधीपासून हेच म्हणत होतो" असं म्हणाला. कामशेतच्या मास्तरांना फोन केला. म्हणाले, मेमध्ये दीडला पंख गुंडाळतो, गेल्या आठवड्यात दोन दिवस उडवलंच नाही. मावशी, पास ना?

खारघरची_उडती_मावशी · सोमवार, सकाळी ७:५२

पास. आयोडेक्स विसरू नकोस.

घोडबंदरचा_ट्रॅफिक · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:००

धागा वर काढतोय. काय झालं पुढे?

ऐरोलीची_मेघना · रविवार, सकाळी ११:३५

सांगते. चिरंजीव गुडघे सोलून परत आले. तिसऱ्या दिवशी एकदाच वीस सेकंद उडाले, त्याचा व्हिडिओ मला आतापर्यंत चाळीस वेळा दाखवलाय. त्याच दिवशी साडेबाराला मास्तरांनी आवरलं, आणि तीनला लोणावळ्याच्या बाजूला गडगडलं म्हणे.

आई-बाबा सकाळच्या विमानाने वेळेवर पोचले. त्या संध्याकाळचं विमान लेट झालं का ते मुद्दाम बघितलं. वेळेवर गेलं. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

आता कुरडया. गेल्या बुधवारी सव्वाचारला वारा एकदम पडला. गच्चीतल्या दोरीवरची साडी, जी रोज फडफडते, ती सरळ लोंबायला लागली. दर्यादादांचं आठवलं, धावत वर गेले, सगळ्या कुरडया सुपात भरून खाली आणल्या. पारसिकमागे भली मोठी ऐरण, अगदी काकांनी लिहिलेली. तासभर खिडकीत बसले. एक थेंब नाही. बदलापूरच्या जावेचा फोन, त्यांच्याकडे लाइट गेलेले. तुरळक ठिकाणी!

शुक्रवारी मी ऑफिसात. नवरा घरून काम करत होता. त्याच्या म्हणण्यानुसार वारा वगैरे काही पडला नाही, एकदम आलाच. पाऊस पाच मिनिटं, धूळ दहा मिनिटं. घरी आले तर गच्चीत प्लास्टिकचा कागद पाण्याच्या टाकीला गुंडाळलेला, चारी कोपऱ्यांवरच्या विटा जागच्या जागी, आणि मधलं सगळं गायब.

दिवाळे_दर्या · रविवार, दुपारी १२:१०

अरारा. किती मिळाल्या?

ऐरोलीची_मेघना · रविवार, दुपारी १२:१४

टाकीखाली चार, शेजारच्या बिल्डिंगच्या पन्हाळीत तीन. बाकीच्या कळव्याला पोचल्या असतील. आई अजून बंगळूरला आहे, तिला काय सांगायचं ते ठरवतोय.

नौपाड्याचा_वेधक · रविवार, दुपारी १२:४०

पारसिकवरून आला म्हणजे वारा पूर्वेचा होता. कळव्याला नाही, खाडीपलीकडे भांडुपला चौकशी करा.